चमचा तिरका करून बघ

सातारा

चि. दादूस,
अनेक आशीर्वाद.

सूनबाईंची सव्वीस आठवड्यांची रजा संपतेय आणि छकुलीला दिवसा भरवायचं काम तुझ्याकडे आलंय, हे काल फोनवर कळलं. ऐकून खूप बरं वाटलं रे. मग रात्रभर डोक्यात तेच. नेमकी आईची रजा संपते तेव्हाच बाळाचं वरचं खाणं सुरू होतं. फोनवर सांगितलेलं तुझ्या लक्षात राहायचं नाही, म्हणून लिहून पाठवते.

सगळ्यात आधी माझी चूक सांगते. तू सहा महिन्यांचा झालास तेव्हा आपण मेढ्याला होतो. मी तुला वरणाचं पाणी पाजायचे. डाळ शिजली की वरची निवळ काढायची, मिठाची कणी टाकायची आणि वाटीभर द्यायची. तू गटागटा प्यायचास आणि मला वाटायचं, झालं, लेकरू जेवलं. आठव्या महिन्यात अंगणवाडीत वजन केलं तर काटा जेमतेम हललेला. तिथल्या ताई रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्याच वाटीत चमचा बुडवला, वर उचलून तिरका केला आणि सगळं पाणी खाली ओघळून गेलेलं मला दाखवलं. खाणं चमच्यावर थांबलं पाहिजे, म्हणाल्या. एवढ्याशा पोटात पाणी भरलं तर अन्नाला जागा कुठे उरणार? ते दोन महिने मला आजही खुपतात. म्हणून तू प्रत्येक वाटीला तसा चमचा तिरका करून बघ.

सोबत नाचणीसत्त्वाचा डबा पाठवलाय. नाचणी जावळीकडच्या मावशींकडून घेतली. चार पाण्यांनी धुतली, कारण तिच्यात बारीक खडे फार. रात्रभर भिजवली, मग फडक्यात बांधून मोड आणले, सावलीत खडखडीत वाळवली, मंद भाजली आणि दळून वस्त्रगाळ केली. मोडांचा खटाटोप उगाच नाही. साध्या नाचणीची लापशी जरा पीठ वाढवलं की खळीसारखी घट्ट होते, मग आपण पाणी ओतत राहतो. मोड आले की पीठ तेवढं फुगत नाही, त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. नाचणीतलं लोहसुद्धा अंगाला जास्त लागतं. एक मोठा चमचा सत्त्व गार पाण्यात कालव, गुठळी राहू देऊ नकोस, मग मंद आचेवर पाच-सात मिनिटं सतत हलवत शिजव. वरून अर्धा चमचा साजूक तूप. गोडीसाठी पिकलेलं केळं कुस्करून घाल. साखर नको, गूळही नको.

दुसरी मऊ खिचडी. दोन चमचे तांदूळ, एक चमचा मुगाची डाळ, चिमूटभर हळद, जिऱ्याची पूड, भरपूर पाणी, आणि कुकरच्या चार-पाच शिट्ट्या. मग पळीच्या पाठीनं घोट. मिक्सरमधून पार पाणी करू नकोस, तिला जिभेवर काहीतरी लागू दे. मीठ वर्षभर नाही. तुला अळणी लागेल, तिला लागणार नाही. लाल भोपळा, गाजर, पालक एकेक करून त्यातच शिजव. लिंबाचे दोन थेंब पिळ, डाळ-पालेभाजीतलं लोह चांगलं लागतं. आईच्या पोटातून आणलेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास सरत येतो आणि दुधात लोह फार थोडं असतं, म्हणून हे नेमानं हवं.

अंड्याला भिऊ नकोस. पूर्वी वर्षभर थांबायला सांगायचे, आता डॉक्टर सहा महिन्यांनंतर उशीर नको म्हणतात. नीट उकडलेलं आणि कुस्करलेलं दे. शेंगदाण्याचंही तेच, पण लोण्यासारखा वाटून, खिचडीत पातळ करून. अख्खा दाणा, फुटाणा, अख्खं द्राक्ष तिच्या हाताशी ठेवूसुद्धा नकोस. तिच्या अंगावर इसबासारखं काही असेल तर अंडं-शेंगदाणा देण्याआधी डॉक्टरांना विचार. कुठलाही नवा पदार्थ सकाळी दे आणि पुढचे दोन-तीन दिवस दुसरं नवीन काही आणू नकोस.

मध मात्र अजिबात नाही. आपल्या महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव झालं, मला त्याचा अभिमान आहे, पण कितीही शुद्ध मध असला तरी वर्षाच्या आत चाटवायचा नाही. त्यात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. एवढ्या लहान आतड्यात ते वाढून विष तयार करतात आणि बाळाचं अंग लुळं पडतं. उष्टावणाला कुणी मोठ्या माणसानं मधाचं बोट पुढे केलं तर तूच हात धर. वाईटपणा मी घेईन.

सुरुवातीला दिवसातून दोनदा, दोन-तीन चमचे. हळूहळू अर्ध्या वाटीवर जा, नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा. आईचं दूध चालूच राहील, दोन वर्षं आणि पुढेही. गाईचं दूध प्यायला वर्षानंतर.

ती जिभेनं घास बाहेर ढकलेल. हे नाकारणं नव्हे, तिला गिळायचं कसं ते अजून उमगलेलं नाही. ओकारी काढत खोकली, तोंड लाल झालं तर थांबून बघ, ती स्वतःच सावरते. आवाज बंद होऊन श्वास अडकला तरच धोका, आणि तेव्हा काय करायचं ते आधीच डॉक्टरांकडून हातानं करून शिकून घे. ताठ बसवूनच भरव. तोंड फिरवलं की वाटी खाली ठेव. तुझ्या आजीनं नाक दाबून भरवलेली पोरं मी पाहिलीत, पुढे ती ताटाकडे बघून रडायची.

कंदी पेढे तुम्हा दोघांसाठी आहेत. चांदीची वाटी तुझ्या उष्टावणाची, तळाशी तुझ्या दातांच्या खुणा आहेत. मामा रविवारी पोहोचेल. पहिल्या घासाला फोन लावून समोर उभा करून ठेव, मी देवघरातच बसलेली असेन.

तुझी
आई