एअर फिल्टरच्या खोक्यावर चाचणीचे आकडे छापले जावेत

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

हजार-बाराशे सीसीच्या छोट्या मोटारी वापरणाऱ्यांमध्ये एक बदल बराच लोकप्रिय आहे. कंपनीने बसवलेली एअर फिल्टरची काळी पेटी काढायची, थ्रॉटलकडे (अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर उघडणाऱ्या हवेच्या झडपेकडे) जाणाऱ्या पाइपच्या तोंडावर शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर क्लॅम्पने आवळायचा आणि आता इंजिन मोकळे झाले, पिकअप सुधारेल, अ‍ॅव्हरेजही वाढेल, असे धरून चालायचे. स्वस्तात ताकद वाढवण्याचा मार्ग म्हणून या बदलाची शिफारसही सर्रास होते. माझे म्हणणे वेगळे आहे. छोट्या इंजिनाच्या बाबतीत हवा फिल्टरमधून किती सहज जाते, यापेक्षा ती कुठून घेतली जाते आणि फिल्टरला चुकवून किती आत शिरते, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत. फिल्टरची निवड करायची तर ती चाचणीच्या आकड्यांवर व्हायला हवी आणि नेमके तेच आकडे ग्राहकाच्या हाती सहसा पडत नाहीत.

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. आकारमानात सांगायचे तर एक लिटर पेट्रोलमागे साधारण ९,००० लिटर हवा इंजिनातून जाते. १.२ लिटरचे इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर पूर्ण थ्रॉटलने चालत असेल, तर ते मिनिटाला जवळपास ३,००० लिटर हवा ओढते. इतकी हवा गाळताना थोडा अडथळा होणारच. तो किती, हे मात्र अंदाजाने ठरवण्याचे काहीच कारण नाही, कारण तो मोजण्याचे साधन कोणत्याही गॅरेजमध्ये तासाभरात तयार होते.

सुमारे दीड मीटर पारदर्शक नळी घ्यावी, ती इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून फळीवर बसवावी, तिच्यात रंगीत पाणी भरावे आणि शेजारी मोजपट्टी चिकटवावी. नळीचे एक टोक उघडे ठेवावे आणि दुसरे टोक फिल्टर व थ्रॉटल यांच्या मधल्या पाइपला बारीक छिद्र घेऊन जोडावे. मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण दाबून फेऱ्या वर जाऊ द्याव्यात आणि दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक शेजारी बसलेल्या माणसाने वाचावा. मग तेच टोक फिल्टरच्या आधी, पेटीच्या मळक्या बाजूला जोडून पुन्हा वाचावे. दोन वाचनांतला फरक हा एकट्या फिल्टरचा अडथळा होय आणि दुसरे वाचन हे फिल्टरच्या आधीच्या तोंडाचे व नळीचे. येथे एक खबरदारी अत्यावश्यक आहे. हे टोक थ्रॉटलच्या पुढे, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या मॅनिफोल्डला, चुकूनही जोडू नये. थ्रॉटल मिटलेला असताना तेथे इतका निर्वात असतो की नळीतले सगळे पाणी क्षणात इंजिनात ओढले जाईल.

या मोजमापाचा अर्थ लावणे सोपे आहे. पातळीत १० सेंटिमीटर फरक पडला, तर हवेच्या दाबात सुमारे एक टक्का घट झाली. म्हणजे स्वच्छ फिल्टरचा अडथळा समजा ८ सेंटिमीटर निघाला आणि अजिबात अडथळा न करणारा काल्पनिक फिल्टर त्याच्या जागी बसवला, तरी इंजिनाला मिळणारी हवा एका टक्क्यानेही वाढणार नाही. ७० अश्वशक्तीच्या इंजिनात हा लाभ अर्ध्या अश्वशक्तीच्या आसपास राहतो आणि तोही फक्त पूर्ण थ्रॉटल व वरच्या फेऱ्या असतानाच. एवढा फरक चालकाला जाणवणे अशक्य आहे.

आता या लाभाशेजारी तापमानाचा हिशेब ठेवून पाहावा. हवा तीन अंशांनी तापली की तिची घनता सुमारे एक टक्क्याने कमी होते. कंपनीच्या पेटीची नळी बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या पुढून, ग्रिलमागून किंवा हेडलाइटजवळून बाहेरची हवा घेते. ती पेटी काढून उघडा फिल्टर इंजिनाशेजारी बसवला की तो रेडिएटरमधून तापून आलेली आणि एक्झॉस्टच्या उष्णतेत न्हालेली हवा ओढू लागतो. रहदारीत थांबत-थांबत चालणाऱ्या गाडीच्या बॉनेटखाली बाहेरच्यापेक्षा ३० अंश जास्त तापमान ही नेहमीची गोष्ट आहे. तेवढ्याने घनता नऊ-दहा टक्क्यांनी घटते. शक्ती अगदी त्याच प्रमाणात घटते असे नाही, कारण सिलिंडरपर्यंत जाताना हवा तशीही तापत असते. गाडी वेगात असताना बॉनेटखालची हवा खेळती राहून हा फरक कमी होतो, हेही मान्य करायला हवे. तरीही एका टक्क्याच्या आशेने त्याच्या कित्येक पट तोटा पदरी पडतो, हे स्पष्ट आहे. शिवाय गरम हवेने इंजिनात नॉकिंगची, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप पेटून ठोके पडण्याची, प्रवृत्ती वाढते आणि ते टाळण्यासाठी आधुनिक इंजिनाचा संगणक ठिणगी उशिरा पाडतो, त्यामुळे ओढ आणखी कमी होते.

मग इतके लोक फरक जाणवल्याचे का सांगतात? त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. मूळ पेटी आणि तिला जोडलेली, रिकामी वाटणारी प्लॅस्टिकची डबी हवेच्या धडक्यांचा आवाज गिळण्यासाठी असतात. त्या डबीला रेझोनेटर म्हणतात आणि तिचे आकारमान ठरावीक कंपनसंख्येचा आवाज दाबण्यासाठी हिशेब करून ठरवलेले असते. ती निघाली की थ्रॉटल दाबताच घुमणारा आवाज केबिनमध्ये येतो आणि गाडी जोमाने सुटल्याचा भास होतो. ज्याला हा आवाज आवडतो त्याने तो जरूर घ्यावा, पण त्याला शक्तिवाढ म्हणून विकणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे.

अ‍ॅव्हरेजविषयीचा समजही असाच तपासून घेण्यासारखा आहे. पेट्रोल इंजिनात नेहमीच्या वेगाने जाताना थ्रॉटल अर्धवटच उघडलेला असतो, म्हणजे हवा अडवण्याचे काम चालक स्वतःच करत असतो. त्या अडथळ्यापुढे फिल्टरचा अडथळा नगण्य ठरतो. फिल्टर थोडा तुंबला तर चालक नकळत थ्रॉटल किंचित अधिक उघडतो आणि सेन्सरने मोजलेल्या, प्रत्यक्ष येणाऱ्या हवेप्रमाणे संगणक इंधन देतो. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसले. इंधन इंजेक्शन असलेल्या आधुनिक गाड्यांत फिल्टर तुंबल्याने इंधनखर्चात लक्षणीय फरक पडला नाही, मात्र पूर्ण थ्रॉटलवरील वेगवाढ मंदावली. सेन्सरविना हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांची गोष्ट निराळी होती, तेथे तुंबलेल्या फिल्टरमुळे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढून ते वाया जाऊ शकत असे. तो जुना अनुभव आजच्या गाड्यांना जसाच्या तसा लावला जातो, ही खरी अडचण आहे.

फिल्टरचे मूळ काम धूळ अडवण्याचे आहे आणि या चर्चेत नेमका त्याचाच विसर पडतो, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो. रस्त्यावरच्या धुळीत सिलिकाचे, म्हणजे गारेचे, कण भरपूर असतात आणि ते सिलिंडरच्या बिडापेक्षा कठीण असतात. डोळ्यांना दिसणारी माती फारशी घातक नसते, कारण ती कोणताही फिल्टर अडवतो. खरा घात पाच ते वीस मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणांकडून होतो. पिस्टनची रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये तेलाचा जो पातळ थर असतो, त्यात हे कण शिरतात आणि दोन्ही पृष्ठभाग घासत राहतात. त्याचा परिणाम लगेच दिसत नाही. काही हजार किलोमीटरनंतर इंजिन ऑइल खाऊ लागते, कॉम्प्रेशन उतरते, एक्झॉस्टमधून निळसर धूर येतो, आणि तोवर फिल्टर बदलल्याची आठवणही कोणाला राहिलेली नसते.

म्हणूनच ९९ टक्के आणि ९७ टक्के हे आकडे ऐकायला जवळचे वाटले, तरी त्यांत मोठे अंतर आहे. फिल्टरपर्यंत १०० ग्रॅम धूळ आली तर पहिल्यातून एक ग्रॅम आत जाते आणि दुसऱ्यातून तीन ग्रॅम, म्हणजे इंजिनाला तिप्पट धूळ मिळते. चांगल्या कागदी फिल्टरची कार्यक्षमता भरड चाचणी धुळीवर ९९ टक्क्यांच्या वर असते आणि वापरात ती आणखी सुधारते, कारण घड्यांवर साचलेला धुळीचा पातळ थर स्वतःच गाळणीचे काम करू लागतो. कागदी फिल्टर दर महिन्याला काढून झटकणे किंवा कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने उडवणे म्हणूनच चुकीचे आहे. हा थर निघून जातो, कागदाची छिद्रे फाटून मोठी होतात आणि फिल्टर स्वच्छ दिसत असतानाच निकामी होतो.

तेल लावलेल्या सुती जाळीचा फिल्टर धुऊन वर्षानुवर्षे वापरता येतो, हा त्याचा खरा गुण आहे. त्याचा अडथळाही बहुधा कमी असतो. पण तो धुणे, पूर्ण वाळवणे आणि सर्व घड्यांना सारखे तेल देणे हे काम काळजीचे आहे. तेल कमी पडले तर धूळ सुटते आणि जास्त झाले तर त्याचे तुषार हवेबरोबर पुढे जाऊन हवेचे वस्तुमान मोजणाऱ्या तप्त तारेच्या सेन्सरवर बसतात. मग मोजमाप चुकते, इंधनाचे प्रमाण बिघडते आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो. ज्या छोट्या गाड्यांत फक्त मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर असतो, तेथे ही अडचण येत नाही. फोमचा फिल्टर भरपूर धूळ सामावून घेतो, मात्र तोही तेलावरच अवलंबून असतो आणि चुकीच्या सॉल्व्हंटने धुतल्यास त्याचा भुगा होतो. रोजच्या वापराच्या छोट्या मोटारीसाठी चांगल्या प्रतीचा कागदी फिल्टर हेच माझे उत्तर आहे.

बदल करूच नयेत, असे मी म्हणत नाही. वर सांगितलेल्या मोजमापात फिल्टरच्या आधीच्या नळीचा अडथळा मोठा निघाला, तर तेथे काम करण्यासारखे असते. मिनिटाला ३,००० लिटर हवा ५० मिलिमीटर व्यासाच्या नळीतून सेकंदाला सुमारे २५ मीटर वेगाने वाहते. नळीचे तोंड नुसते कापून सोडले असेल, तर या वेगाचा जवळजवळ सगळा दाब, म्हणजे पाण्याचे जवळपास ४ सेंटिमीटर, एकट्या तोंडाशीच वाया जातो. तेच तोंड कर्ण्यासारखे बाहेर वळवून गोलाई दिली की तो तोटा अगदी किरकोळ उरतो. व्यास ५० ऐवजी ६० मिलिमीटर केला, तर वेगाचा दाब निम्म्यावर येतो. म्हणजे मूळ पेटी आणि मूळ फिल्टर तसेच ठेवून केवळ तोंड आणि नळी सुधारल्याने महागड्या फिल्टरइतका, कित्येकदा त्याहून अधिक, फायदा मिळतो. सेन्सर बसलेल्या भागाचा व्यास मात्र कदापि बदलू नये, कारण त्याचे मोजमाप त्या व्यासावरच बेतलेले असते.

नळीचे तोंड समोरच्या वाऱ्याकडे वळवून हवा आत दाबली जाईल, असाही एक दावा ऐकू येतो. ताशी १०० किलोमीटर वेगाला वाऱ्याचा हा दाब वातावरणाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरतो. त्यासाठी तोंड बंपरखाली नेणे धोक्याचे आहे. साचलेल्या पाण्यातून जाताना इंजिनाने पाणी ओढले तर ते पिस्टनने दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जागच्या जागी बसते. मूळ तोंडाच्या उंचीखाली जाऊ नये, हा नियम पाळावा.

कोणताही फिल्टर बसवला तरी शेवटची तपासणी एकच आहे. काही दिवसांनी फिल्टर व थ्रॉटल यांच्या मधला पाइप काढून त्याच्या आतून पांढरे स्वच्छ फडके फिरवावे. फडक्यावर ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) आलेल्या तेलाचा हलका डाग चालेल, पण बोटांत कचकचणारी धूळ आली तर फिल्टरची कड नीट बसलेली नाही, पेटीची क्लिप सैल आहे किंवा ब्रीदरची नळी कुठेतरी उघडी राहिली आहे, असे समजावे. असा फटीतून आलेला वारा कितीही उत्तम फिल्टर बसवला तरी गाळला जात नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिले, ती विनंती. इंजिनाच्या एअर फिल्टरची चाचणी कशी करावी, यासाठी आयएसओ ५०११ हे आंतरराष्ट्रीय मानक अस्तित्वात आहे आणि चाचणीची धूळही आयएसओ १२१०३ मध्ये ठरवून दिलेली आहे. या चाचणीत ठरावीक प्रवाहाला होणारा अडथळा, सुरुवातीची व एकूण कार्यक्षमता आणि फिल्टर किती ग्रॅम धूळ सामावून घेतो, या सगळ्यांचे आकडे मिळतात. तरीही खोक्यावर बहुधा ‘अधिक प्रवाह’ आणि ‘अधिक शक्ती’ एवढेच छापलेले असते. फिल्टर बनवणाऱ्यांनी हे सर्व आकडे, चाचणीत वापरलेला प्रवाह आणि धुळीचा प्रकार यांसह, खोक्यावर छापावेत. कारण हळू प्रवाहावर किंवा भरड धुळीवर मिळवलेली टक्केवारी वेगळ्या परिस्थितीतल्या टक्केवारीशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो. आपल्या दैनिकाने वाहनविषयक पानावर एखाद्या फिल्टरची माहिती देताना उत्पादकाकडे या आकड्यांची मागणी करावी आणि ते मिळाले नाहीत तर तसे स्पष्ट छापावे, ही नम्र विनंती.

आपला,
एक नियमित वाचक