७२०७२० आणि राहून गेलेला १

प्रिय ताई,

तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. पण आभार चारचौघांत मानायचे होते.

वही घेऊन तुमच्याकडे आले तेव्हा रडगाणं एकच होतं, ७२०७२० चे विभाजक संपतच नाहीत. १ ते १६ पर्यंत प्रत्येकाने भाग जात होता, १७ ला गाडी अडली, बाकी ५. पुढे दोन पानं भागाकार आणि मग मोजणीच हरवली. तुम्ही ती पानं उलटलीसुद्धा नाहीत. "आधी मूळ अवयव पाड," म्हणालात. पाडले. २ चा चौथा घात, ३ चा वर्ग, आणि ५, ७, ११, १३ एकेकदा. मी लगेच घातांकांचा गुणाकार करून मोकळी. उत्तर ८! माझ्याच वहीत त्याहून जास्त विभाजक लिहिलेले होते.

तुम्ही हसला नाहीत, त्याचे आभार वेगळे. नुसतं विचारलंत, "विभाजक बनवताना २ किती वेळा घेशील?" एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. "आणि घेतलाच नाही तर?" तिथे माझी ट्यूब पेटली. न घेणं हाही एक पर्याय, म्हणून ४ नव्हे, ५. मग ५ × ३ × २ × २ × २ × २ = २४०.

यापेक्षा लहान कुठल्याही संख्येला इतके विभाजक नाहीत. अशा संख्यांवर रामानुजन यांनी १९१५ मध्ये दीर्घ निबंध प्रसिद्ध केला, हेही तुमच्याकडूनच कळलं. मी हट्टाने ५१०५१० पुढे केली होती. तिच्यात सात वेगवेगळ्या मूळ संख्या, म्हणून तीच श्रीमंत असणार! निघाले १२८. नवी मूळ संख्या आणण्यापेक्षा २ आणि ३ चे घात वाढवणं स्वस्त पडतं, हे तेव्हा पटलं.

७२० दोनदा का दिसतं, तर १००१ ने गुणलंय म्हणून, आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३. (आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले की ७,२०,७२० होतं आणि ही गंमत लपते.) अंकांची बेरीज १८, तिनेही भाग जातो, म्हणजे गणितज्ञ कापरेकरांची हर्षद संख्या. पण हे गुण दशमान लेखनाचे. २४० विभाजक मात्र संख्या कशाही पद्धतीने लिहिली तरी तेवढेच.

आता तुम्हाला दाखवायचं राहिलंय ते. काल १७ ने गुणून पाहिलं, १२२५२२४०. विभाजक दुप्पट, ४८०. वाटलं, हिलाही तोच मान मिळणार. मग १७ काढून ३ आणि ५ चा घात एकेकाने वाढवला. १०८१०८००. लहान, आणि विभाजक तेवढेच, ४८०.

तुमची,
भागाकारवाली