ओवोवर दगड ठेवण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीतला मंगोलियावरचा लेख वाचला. गवताळ माळ, गेरमधला (लोकरी नमद्याच्या गोल तंबूतला) मुक्काम, घोडेस्वारी यांचे वर्णन छान उतरले आहे. ओवोचा, म्हणजे तिथल्या पवित्र दगडराशीचा, विषय मात्र दोन ओळींत उरकला आहे. वाटेत दगडांची रास दिसली की एक दगड ठेवावा, इच्छा मागावी आणि फोटो काढावा, एवढाच सल्ला त्यात आहे. आपल्याकडचे पर्यटक आता तिथेही जाऊ लागले आहेत. ते हा सल्ला मनावर घेतील, म्हणून हे पत्र.

ओवो डोंगरमाथ्यावर, खिंडीत, कधी पाणवठ्यापाशी रचलेला असतो. राशीच्या मधोमध काठ्या किंवा फांद्या रोवलेल्या असतात आणि त्यांना खदग, म्हणजे निळी रेशमी वस्त्रे, बांधलेली असतात. त्या भूमीच्या आणि पाण्याच्या रक्षक देवतांचे हे ठाणे. वाटसरू ओवो उजव्या हाताला ठेवून तीन प्रदक्षिणा घालतो, दगड वाहतो, दूध शिंपडतो. घाईत असलेला ट्रकचालक तीनदा हॉर्न वाजवून नमस्कार पोचवतो. लाडका शर्यतीचा घोडा गेला की त्याची कवटी तिथे आणून ठेवतात. बरे झालेल्या माणसाने सोडलेल्या कुबड्याही कुठे कुठे दिसतात.

पर्यटकाला दिसतो तो हा रस्त्याकडेचा ओवो. खोऱ्यातल्या कुटुंबांचा जो स्वतःचा ओवो असतो, त्याची पूजा उन्हाळ्यात ठरल्या दिवशी होते. लामा सूत्रपाठ करतात, अर्च्याचा (जुनिपरचा) धूप जळतो, वाळवलेल्या दह्याच्या वड्या आणि मटण वाहिले जाते. मग लोक हातातला नैवेद्य गोल फिरवत ‘खुराय, खुराय’ असा घोष करतात आणि सुबत्तेला आपल्याकडे बोलावतात. त्यानंतर कुस्त्या आणि घोड्यांच्या शर्यती. पूजा संपली तरी बंधने संपत नाहीत. त्या डोंगरावर जमीन खणायची नाही, झाड तोडायचे नाही, शिकार करायची नाही, झरा विटाळायचा नाही. पूजा एका दिवसाची, हे पाळणे मात्र वर्षभराचे. मला या परंपरेत सर्वांत मोलाचे हेच वाटते, आणि कॅमेऱ्यात नेमके हेच येत नाही.

हे फार जुने आहे. चंगेजखानाने शत्रूपासून बुरखान खालदून पर्वतात आसरा घेतला आणि सुटकेनंतर रोज सकाळी त्या पर्वताची पूजा करण्याची शपथ घेतली, असे मंगोलांच्या १३व्या शतकातील इतिवृत्तात नोंदले आहे. राजधानी उलानबातरच्या दक्षिणेच्या बोग्द खान पर्वताला १७७८ पासून अधिकृत संरक्षण आहे. पण १९३०च्या दशकात साम्यवादी राजवटीने शेकडो मठ पाडले आणि हजारो लामांना ठार केले. बोग्द खानच्या उतारावरचा मंजुश्री मठ १९३७ मध्ये उद्ध्वस्त झाला. ओवोची पूजाही बंद पाडण्यात आली. नादाम, म्हणजे कुस्त्या-शर्यतींचा उत्सव, तेवढा उरला, तोही १९२१च्या क्रांतीचा सोहळा म्हणून. पुढची पन्नास वर्षे काही घरांनी रात्री चोरून दूध शिंपडत ही परंपरा जपली. त्यांच्याविषयी मला फार आदर वाटतो.

१९९० मध्ये लोकशाही आली. त्या वर्षापासून दहा वर्षे भारताचे राजदूत म्हणून लडाखचे कुशोक बकुला रिनपोछे तिथे होते, आणि बौद्ध धर्म पुन्हा उभा राहताना लोक त्यांच्याकडे गुरू म्हणून येत. १९९५ मध्ये बोग्द खान, बुरखान खालदून आणि ओत्गोन्तेंगेर या पर्वतांची पूजा पुन्हा सुरू करण्यासाठी राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला. २०१५ मध्ये बुरखान खालदून जागतिक वारसा ठरला. २०१७ मध्ये युनेस्कोने पवित्र स्थळांच्या पूजेची ही मंगोल परंपरा ‘तातडीने जतन करण्याची गरज असलेल्या’ वारशांच्या यादीत घातली. म्हणजे राजाश्रय मिळाल्यावरही ती संकटात आहे.

कारण सूत्रपाठ आणि विधी जाणणारी पिढी मधल्या काळात गेली, आणि आता ओवो राखणारी कुटुंबेच माळ सोडून चालली आहेत. २०२३-२४च्या हिवाळ्यातील झुडमध्ये, म्हणजे हिमआपत्तीत, ७० लाखांहून अधिक जनावरे दगावली. कळप गेलेला माणूस उलानबातरच्या कडेला गेर टाकतो. देशाची जवळजवळ निम्मी वस्ती आज त्या एका शहरात आहे. डोंगरावर ओवो उभा असतो, पण त्याच्या पूजेचा दिवस ठरवणारे कोणी उरत नाही. दुसरीकडे खाणी. नोयोन पर्वतात श्योंग्नू या प्राचीन भटक्या लोकांच्या सरदारांची थडगी आहेत. त्याच परिसरातल्या गात्सूर्त इथल्या सोन्याच्या खाणीवरून २०१५ मध्ये संसदेपासून रस्त्यापर्यंत संघर्ष झाला. देशाला पैसा हवा, हे खरे. तरी पवित्र डोंगर फोडायला निघाल्यावर पशुपालक चिडतात ते अंधश्रद्धेपोटी, असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्यांच्या नद्या त्याच डोंगरांत उगम पावतात.

पर्यटकांमुळे होणारे नुकसान याच्या मानाने लहान, पण ते आपल्या हातातले आहे. नायलॉनचे खदग कुजत नाहीत आणि झाडाला आवळून बांधले तर झाड गुदमरते. व्होडका वाहून झाल्यावर बाटली तिथेच पडते. काच जनावरांच्या पायात जाते आणि ती वेचायला पशुपालकांनाच यावे लागते.

एक गोष्ट स्त्री म्हणून लिहिते. बुरखान खालदूनसारख्या काही शिखरांवर बायकांना जाऊ देत नाहीत, त्या पायथ्याशी पूजा करतात. हा नियम मला पटत नाही. पण तो बदलायचा की नाही, हे तिथल्या बायकांनी ठरवावे. चार दिवसांसाठी गेलेल्या बाईने तो मोडून व्हिडिओ काढणे मला तितकेच चुकीचे वाटते.

पुरवणीत पुढे कधी मंगोलियावर लेख आला, तर सोबत छोटी चौकट द्यावी ही विनंती. ओवोवरचा दगड खिशात घालू नये. तिथे उभे राहून सिगारेट ओढू नये. पूजा चालू असेल तर विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नये. खदग बांधायचेच असेल तर रेशमी किंवा सुती घ्यावे, आणि बाटल्या-प्लास्टिक गाडीत परत आणावे. सहल नेणाऱ्या संस्थांनीही स्थानिक वाटाड्याला आधीच विचारावे, की कोणत्या ओवोपाशी पाहुण्यांनी थांबलेले चालते आणि कोणत्या ओवोपाशी मुळीच नको.

आपली नम्र,
एक वाचक, सांगली