रिक्षावाल्या काकांना, तुमच्या 'मालकां'च्या आईकडून

काका, नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर असलं लांबलचक वाचत बसत नाही हे माहितीये मला, म्हणून तुमच्या लेकीला सांगून ठेवलंय की रात्री जेवणं झाली की बाबांना वाचून दाखव. मागच्या महिन्यात शेवटच्या दिवशी तुम्ही गेटपाशी रिक्षा लावलीत आणि म्हणालात, ताई आता गुडघे ऐकत नाहीत, जातो गावाला, आणि मला काही सुचेचना, चहा घेऊन जा एवढंच म्हटलं. तीन वर्षं रोज माझं पोर तुमच्या भरवशावर सोडलं मी. जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं म्हणून हे पत्र, आणि सगळ्यांना दिसेल असं लिहितेय कारण तुमच्यासारखं कोणी वागलं की ते चार लोकांना कळलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही भेटलात 2022 च्या जूनमध्ये. लॉकडाऊननंतर शाळा नीट सुरू झाल्या होत्या, हा पाच वर्षांचा होता. दोन वर्षांचा असताना आई, पाणी, काऊ असं चांगलं बोलायचा आणि मग हळूहळू सगळं बंद झालं. घरच्यांनी सांगितलं मुलगे उशिरा बोलतात, कोणी म्हणालं मोबाईल दिलास म्हणून झालं, कोणी म्हणालं तू नोकरी करतेस म्हणून. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला, सरकारी हॉस्पिटलात आयसा नावाची, ऑटिझम किती आहे ते मोजणारी टेस्ट झाली, अपंगत्वाचं सर्टिफिकेट मिळालं, कार्डही आलं. 1995 च्या जुन्या अपंग कायद्यात ऑटिझमचं नावच नव्हतं, 2016 च्या कायद्यात जे 21 प्रकार आले त्यात तो आला, त्यामुळे कागदावर तरी आमचं सगळं नीट होतं. पण शाळेच्या व्हॅनवाल्याने चौथ्या दिवशी हात जोडले, म्हणाला मॅडम बाकीची मुलं घाबरतात, तुमचं तुम्ही बघा. त्याच संध्याकाळी मी स्टँडवर तुम्हाला विचारलं.

पहिल्या दिवशी तो आत बसायलाच तयार नव्हता. पुढच्या चाकापाशी उकिडवा बसून बोटाने टायरची नक्षी चाचपत होता आणि मी ओढायला लागले तर तुम्ही म्हणालात, राहू द्या ताई, गिऱ्हाईक गाडी तपासून घेतंय. वीस मिनिटं तुम्ही इंजिन बंद करून उभे राहिलात. मग तो आपणहून आला, मीटर दिसेल असा कोपऱ्यात बसला, आणि तुम्ही म्हणालात चला मालक. तेव्हापासून तो मालकच.

आपलं महिन्याचं ठरलेलं होतं, मीटर टाकायचं काहीच कारण नव्हतं. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच तुमच्या लक्षात आलं की हा आकडे बदलताना बघत बसतो आणि त्याचा श्वास शांत होतो, मग तुम्ही रोज मीटर टाकायला लागलात. डहाणूकर कॉलनी, कर्वे पुतळा, नळ स्टॉप, म्हात्रे पूल, रोज तोच रस्ता आणि तेच आकडे. तेव्हा पुण्यात मीटर 21 पासून सुरू व्हायचं. ऑगस्टमधल्या एका सकाळी तुम्ही मीटर टाकलंत आणि मागून आवाज आला, एकवीस. काका, अडीच वर्षांनी माझ्या मुलाचा शब्द ऐकला मी, तुमच्या रिक्षात. तुम्ही आरशातून माझ्याकडे बघितलंत, गाडी बाजूला घेतलीत, आणि काही बोलला नाहीत. बरं केलंत, कोणी काही बोललं असतं तर मला आवरलंच नसतं.

आणि मग सप्टेंबरात भाडं वाढलं, 21 चं 25 झालं. सगळं शहर चार रुपयांचं बोलत होतं आणि मला वेगळीच धास्ती, कारण याला ठरलेलं बदललं की जमिनीवर डोकं आपटून घ्यायचा. मी तुम्हाला काही सांगितलं नव्हतं. तुम्ही मीटरचं कॅलिब्रेशन करून आणायच्या आठवडाभर आधीच पुठ्ठ्यावर मोठ्ठा 25 लिहून मीटरच्या शेजारी चिकटवलात आणि रोज बोट ठेवून सांगायचात, मालक, सोमवारपासून हा पाहुणा येणार. सोमवारी तो आला, मालक दोन मिनिटं कुरकुरले, आणि मग स्वतःच म्हणाले, पाहुणा. आमच्या थेरपिस्ट ताईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या बदल आधी चित्राने, अक्षराने दाखवायचा हे आम्ही पालकांना महिनोन्महिने शिकवतो, यांना कोणी शिकवलं? मी म्हटलं कोणी नाही, ते बघतात त्याच्याकडे.

म्हात्रे पुलावरची ती संध्याकाळ पण विसरणार नाही मी. गणपतीच्या आधीचे दिवस, नदीपात्रात पथकांची प्रॅक्टिस जोरात, थेरपीहून येताना नेमके पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि खालून पन्नासेक ढोल एकदम सुरू झाले. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना आवाज आपल्यासारखा ऐकू येत नाही, अंगावर येतो, 2013 पासून ऑटिझमच्या निदानाच्या निकषांतसुद्धा ही गोष्ट लिहिलेली आहे, पण रस्त्यावरच्या माणसाला फक्त किंचाळणारं पोर दिसतं. एक बाईकवाला डोकावून म्हणाला दोन ठेवून द्या, लाडावलंय. तुम्ही खाली उतरलात, दोन्ही बाजूंचे पडदे सोडलेत आणि त्याला म्हणालात, हट्ट नाहीये हा, त्याला दुखतंय, तुम्ही व्हा पुढे. मग सीटखालून तुमची ती तपकिरी कानटोपी काढलीत आणि त्याच्या हातात न कोंबता सीटवर त्याच्या शेजारी ठेवून दिलीत. त्याने स्वतः उचलून घातली. नंतर आम्ही महागातले हेडफोन आणले, पण गणपतीत अजूनही हेडफोनच्या वरून ती टोपी लागतेच.

तीन वर्षांत तुमच्या रिक्षाचा हॉर्न मी दहा वेळासुद्धा ऐकला नसेल. पुण्यात, कर्वे रोडवर! कसं जमवलंत तुम्हालाच माहीत.

पण मला सगळ्यात जास्त आभार ज्याचे मानायचेत ते वेगळंच आहे, आणि तुम्हाला कदाचित आठवतही नसेल. तो खूष झाला की दोन्ही हात पंखांसारखे फडफडवतो. मी ते थांबवायचे. लग्नात, दुकानात, लिफ्टमध्ये त्याचे हात घट्ट धरून ठेवायचे, हात खाली, हात खाली, दिवसातून शंभरदा, कारण लोक बघायचे. एकदा रिक्षात तसेच धरले होते तर तुम्ही सिग्नलला मागे वळून म्हणालात, ताई सोडा की, हसतोय तो हातांनी. काका, मी इतके लेख वाचले होते, वर्कशॉप केली होती, अ‍ॅक्सेप्टन्स हा शब्द मला पाठ होता, आणि माझ्याच पोराचं हसणं मी मुठीत दाबून बसले होते. त्या दिवशी सोडले हात. घरी गेल्यावर त्याच्या बाबांनाही सांगितलं, सासूबाईंनाही. आता आमच्या घरात कोणी ते हात धरत नाही, आणि पाहुण्यांनी विचारलं तर सासूबाईच सांगतात, हसतोय तो.

जाताना तुम्ही नवीन दादांना घेऊन आलात, आठ दिवस स्वतः मागे त्याच्या शेजारी बसून गेलात, रस्ता कुठला, ब्रेक कसा दाबायचा, मीटर कधी टाकायचं सगळं त्यांना दाखवलंत. त्याचे पैसे घेतले नाहीत, मी तीनदा पुढे केले. दादा चांगले आहेत. पहिले दोन दिवस रडला, तिसऱ्या दिवशी चाकापाशी जाऊन बसला, दादा थांबले.

दिवाळीत आम्ही भोरला येतोय. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला त्याने स्वतः रिक्षा काढलीये, तीन चाकं आणि मध्ये 25, आणि रोज सकाळी दात घासायच्या आधी तिच्यावर बोट ठेवून येतो. गुडघ्यांना तेल लावत जा. आणि कानटोपी आमच्याकडेच राहिलीये, तुम्हाला थंडीला दुसरी विणून आणते, कारण ही तो धुवायलासुद्धा देत नाही.

तुमच्या मालकांची आई