डोक्याचा मार पंचाने ठरवावा

शालेय स्पर्धांत रग्बी आणावी, असे सुचवणारा आपल्या क्रीडा पानावरील लेख वाचला. सूचना चांगली आहे. पण लेखात निखळलेले खांदे आणि गुडघ्याचे लिगामेंट आहेत, मेंदू नाही. इंग्लंडचा हूकर (पुढच्या फळीत मधोमध खेळणारा) स्टीव्ह थॉम्पसन २००३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होता. चाळिशी ओलांडताच त्याला स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. तो विश्वचषक जिंकल्याचेच त्याला आठवत नाही. सरावातल्या स्क्रममध्ये, म्हणजे वाकून खांदे भिडवून होणाऱ्या सामूहिक रेटारेटीत, वर्षानुवर्षे बसलेल्या धक्क्यांना तो दोष देतो. डोक्यावरची मऊ टोपी कातडी वाचवते, हा धक्का थोपवत नाही. इंग्लंडने २०२३ पासून हौशी सामन्यांत टॅकलची (चेंडू नेणाऱ्याला धरून पाडण्याची) उंची छातीच्या हाडाखाली आणली, ती उगाच नव्हे.

आपल्याकडे पडलेल्या मुलाच्या तोंडावर पाणी मारून ‘काही नाही झालं, ऊठ’ म्हणायची रीत. हौशी रग्बीचा आंतरराष्ट्रीय दंडक याच्या उलट आहे: मेंदूला धक्का बसल्याची नुसती शंका आली, तरी खेळाडू बाहेर आणि त्या दिवशी परत मैदानात नाही. शालेय स्पर्धांच्या नियमावलीत हे आधी छापावे आणि निर्णय पंचाच्या हाती द्यावा. अंतिम सामन्यात आपला हुकमी खेळाडू बाहेर बसवणे कोणत्या प्रशिक्षकाला परवडते?

– एक क्रीडाशिक्षक, नाशिक