त्रेबियाच्या काठी, हॅनिबलच्या बाजूने

लंडन,
१२ सप्टेंबर २००४

ती. बाबा व ती. सौ. आईस साष्टांग नमस्कार. चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

निखिल, सोबतच्या सीडीवर 'रोम : टोटल वॉर' या संगणकावरच्या युद्धखेळाचा डेमो, म्हणजे नमुन्याचा तुकडा, आहे. पूर्ण खेळ अजून बाजारात यायचाय. राज्य चालवणं, कर गोळा करणं, शहरं बांधणं यातलं डेमोत काही नाही. लढायला दिली आहे ती त्रेबिया नदीची लढाई : इ.स.पू. २१८, उत्तर इटली, आणि रोमचं शत्रुराज्य कार्थेज (उत्तर आफ्रिका) याचा सेनापती हॅनिबल म्हणजे तू. आधी हे पत्र वाच, मग सीडी घाल. नाहीतर तू सगळं सैन्य एकदम पुढे ढकलशील, दहा मिनिटांत दाणादाण उडेल आणि खेळ वाईट म्हणून बाजूला ठेवशील.

पहिलं म्हणजे, इथे माणसं मारून लढाई जिंकता येत नाही, पळवून जिंकता येते. प्रत्येक तुकडीला दोन गोष्टी लागलेल्या असतात, धीर आणि थकवा. कर्सर तुकडीवर नेऊन जरा थांबलास की दोन्ही शब्दांत लिहून येतात. समोरासमोर रेटारेटी चालली असेल तर तुकडी बराच वेळ तग धरते. पण त्याच वेळी बगलेवर किंवा पाठीवर कोणी आदळलं, सेनापती पडला, किंवा शेजारची तुकडी पळताना दिसली, तर निम्म्याहून जास्त माणसं शाबूत असतानाही ती पाठ फिरवते. मग तिचा पांढरा झेंडा फडकतो, आणि पळणारे बघून बाजूचेही पळतात. तेव्हा 'किती मेले' हा आकडा पाहत बसू नकोस. धीर कुठे खचतोय ते पाहा आणि पुढचा घाव तिथेच घाल.

खरी लढाई काय होती ते बाबांना ठाऊक असेलच, पण खेळताना हाताशी असावं म्हणून लिहितो. दोन रोमन कॉन्सलांपैकी (वर्षभरासाठी निवडलेले सर्वोच्च अधिकारी, तेच सेनापती) पब्लियस स्किपिओ टिकिनसच्या चकमकीत जखमी झाला होता. दुसरा, सेम्प्रोनियस, पदाची मुदत संपायच्या आत विजय पदरात पाडायला उतावीळ होता. हॅनिबलने नेमकं तेच हेरलं. मागो या धाकट्या भावाला १,००० स्वार आणि १,००० पायदळ देऊन त्याने रात्रीच एका झुडपांनी झाकलेल्या ओढ्यात दडवलं. पहाटे नुमिडियन (उत्तर आफ्रिकेतले हलके) घोडेस्वार पाठवून रोमन छावणीला डिवचलं. सेम्प्रोनियसने न्याहरीही न करू देता सैन्य बाहेर काढलं, आणि ऐन हिवाळ्यात, बर्फ पडत असताना, छातीभर पाण्यातून नदी ओलांडायला लावली. पलीकडे हॅनिबलची माणसं जेवून, शेकोटीशी अंगाला तेल चोळून तयार होती. प्राचीन ग्रीक इतिहासकार पॉलिबियसचे आकडे असे : रोमकडे १६,००० रोमन आणि २०,००० मित्रराज्यांचं पायदळ, ४,००० स्वार. हॅनिबलकडे फळीत २०,००० पायदळ, पुढे सुमारे ८,००० हलके सैनिक, आणि १०,०००हून अधिक स्वार. पायदळात तो उणा होता, घोडदळात अडीचपट. डेमोतली तुझी सगळी आखणी या एका वाक्यावर बेतायला हवी.

उपाशीपोट खेळात मोजलं जात नाही. थकवा मात्र मोजला जातो, आणि तो तुला शत्रूच्या अंगावर चढवायचाय. त्यासाठी लढाई सुरू होताच 'पी' दाबून वेळ थांबव. थांबलेल्या वेळेतही हुकूम देता येतात, ही या खेळाची सर्वांत मोठी सवलत आहे आणि नवखे तीच विसरतात. तुकड्यांची चौकट माउसने ओढून निवड, कंट्रोल धरून आकडा दाब, झाला गट. मधलं पायदळ १, डावे स्वार २, उजवे स्वार ३, हलके सैनिक ४, हत्ती ५. यापेक्षा बारीक वाटणी केलीस तर ऐनवेळी बोटं अडखळतात.

फळी लावायची ती उजवं बटण धरून जमिनीवर रेघ ओढून. डावीकडून उजवीकडे ओढलीस तर तोंड पुढे राहतं, उलट ओढलीस तर सगळे शत्रूकडे पाठ करून उभे राहतात. लांब रेघ म्हणजे पातळ फळी. रोमन पायदळ तुझ्यापेक्षा भारी आहे, म्हणून मधली फळी दोन रांगांवर ताणू नकोस, चार-पाच रांगा खोल ठेव. तिचं काम जिंकणं नाहीच, वेळ काढणं आहे. बगल झाकायच्या मोहाने फळी ताणली की मधोमध फाटते, आणि फाटली की मागे काही उरत नाही.

हलके सैनिक फळीच्या पुढे. त्यांना 'स्कर्मिश' चालू ठेव, म्हणजे शत्रू जवळ आला की ते आपणहून मागे सरकतात. यात दोन खाचा आहेत. गोफणकऱ्यांना आपल्या फळीच्या मागून मारा करायला लावलंस तर दगड सरळ रेषेत जाऊन आपल्याच लोकांच्या पाठीत बसतात. धनुष्याच्या बाणासारखा तो मारा डोक्यावरून जात नाही. दुसरं, मागे सरकताना वाटेत गच्च फळी असेल तर हलके सैनिक तिच्यात अडकून चिरडतात. म्हणून शत्रू भाल्याच्या टप्प्यात येण्याआधीच त्यांना हाताने बगलेकडे काढ. हस्ताती, म्हणजे रोमनांच्या पहिल्या रांगेचं पायदळ, भिडण्याआधी जड भाले फेकतात. ते तुझ्या मुख्य पायदळावर पडण्यापेक्षा हुलकावणी देणाऱ्या तुकड्यांच्या मागे वाया गेलेले बरे.

आता घोडदळ. जीव यातच आहे, म्हणून जरा सविस्तर. उजवी क्लिक एकदा केलीस तर स्वार चालत जातात, दोनदा केलीस तर दौडत. पण लांबून दौडवत आणलंस तर पोचेपर्यंत घोडे दमतात. तेव्हा निम्मं अंतर चालव, शेवटच्या टप्प्यात दोनदा क्लिक कर. धडकेची ताकद पहिल्या आदळण्यात असते. नंतर स्वार उभ्या घोड्यावर तलवारी फिरवत बसले की पायदळ त्यांना खाली ओढतं. आदळ, बाहेर काढ, थोडं लांब ने, वळव, पुन्हा आदळ. बाहेर काढतानाही दोनदा क्लिक करायला विसरू नकोस. त्रिआरी म्हणजे रोमन फळीच्या मागे राखीव उभे असणारे जुने सैनिक, त्यांच्या लांब भाल्यांवर समोरून कधीच जाऊ नकोस. आधी शत्रूचे स्वार मोड, पण पळणाऱ्यांच्या मागे सगळे सोडू नकोस. एक तुकडी पाठलागाला पुरे, बाकीच्यांना रोमन पायदळाच्या पाठीवर वळव. खेळ हरणारे बहुतेक इथेच हरतात : स्वार नकाशाच्या कडेपर्यंत पाठलाग करत राहतात आणि तोवर मधली फळी कोसळते.

नुमिडियन स्वार वेगळे. ते भाले फेकून पळतात, हातघाईत टिकत नाहीत. आल्ट धरून क्लिक केली तर ते हत्यार बदलून भिडतात, पण तशी वेळ येऊ देऊ नकोस. त्यांच्याकडून हॅनिबलने घेतलं तेच काम घे, शत्रूला चिडवून पुढे ओढायचं. झाडीत तुकडी निश्चल उभी केली तर ती दडून राहते. मागोचा डाव असा खेळता येतो. हत्ती मात्र लपत नाहीत.

हत्तींवर भाळू नकोस. धावून आले की माणसं हवेत उडतात, ते दृश्य खरोखर बघण्यासारखं आहे. पण भाल्यांच्या माऱ्यात ते बिथरतात, आणि बिथरलेल्या हत्तीला आपला-परका कळत नाही. माहुतांनी स्वतःचा हत्ती ठार करण्याचा एक हुकूम खेळात दिला आहे. तो कल्पनेतला नाही : माहुतांजवळ छिन्नी आणि हातोडा असे, मानेच्या सांध्यात एक घाव, ही रीत हॅनिबलच्याच भावाने, हस्द्रुबलने काढली असं रोमन इतिहासकार लिव्हीने लिहून ठेवलंय. हत्ती फळीच्या मध्ये ठेवू नकोस, टोकांना ठेव. त्रेबियालाही ते दोन्ही टोकांपुढेच होते. बिथरले तर निदान पायदळ वाचतं. रोमन घोड्यांना हत्तींची भीती वाटते, म्हणून पहिला वापर त्यांच्या स्वारांवर कर.

सेनापती स्वतः हॅनिबल. त्याची तुकडी जबर आहे, त्यामुळे पहिल्या फळीत घालावीशी वाटते. घालू नकोस. तो जवळ असला तर आसपासच्यांचा धीर टिकतो, पडला तर सगळ्या सैन्याचा एकदम खचतो. फळीच्या मागे, डगमगणाऱ्या तुकडीच्या जवळ ठेव.

खटकलेल्या गोष्टीही सांगतो. वेग फार आहे. फळ्या भिडल्यापासून पळापळ होईपर्यंत इतका कमी वेळ मिळतो की डाव रचायला 'पी' दाबल्यावाचून गत्यंतर नाही. घोडदळ गरजेपेक्षा बलवान ठेवलंय. हॅनिबलच्या बाजूने हे सोयीचं, पण लढाईची गंमत त्याने कमी होते. आणि समोरचा संगणक बगलेकडे उशिरा बघतो. खऱ्या सेम्प्रोनियसचीही तीच खोड होती, त्यामुळे त्रेबियाला ते शोभून दिसतं. इतर लढायांत ते कसं चालेल, याची मला धास्ती वाटते.

आपल्या यंत्रावर चालेल का? पूर्ण खेळाला किमान १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि ६४ एमबीचं ग्राफिक्स कार्ड लागतं. अडखळलं तर आधी सावल्या बंद कर, मग गवत, मग सैनिकांचा तपशील कमी कर. तरी नाही जमलं तर तुकडीतल्या माणसांची संख्या कमी करायची सोय आहे. ती शेवटी वापर, कारण छोट्या तुकड्या जास्तच लवकर मोडतात.

बाबांसाठी एक. त्रेबियाला रोमन सैन्याच्या दोन्ही बगला मोडल्या, मागून मागो तुटून पडला, तरी मधले सुमारे १०,००० रोमन हॅनिबलची फळी फोडून पार झाले आणि शिस्तीत प्लासेंशिया या जवळच्या रोमन वसाहतीत पोचले. हॅनिबलला ते अडवता आले नाहीत. निखिलने लढाई एकदा जिंकली की बाबांनी शेजारी बसून त्याला तेवढंच अडवायला सांगावं. त्यासाठी मध्यभागामागे पायदळाच्या दोन ताज्या तुकड्या राखून ठेवाव्या लागतात, आणि त्या राखल्या की टोकं पातळ होतात. कुठून किती माणसं काढायची ते दोघांनी ठरवा, आणि जमलं तर फळी कशी लावली होती ते कागदावर काढून पाठवा.

कळावे,
तुझा दादा