आरोग्यमंत्री साहेब, आयएनआरची टेस्ट आमच्या तालुक्यात करा

मा. आरोग्यमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचे म्हणून हक्कानं लिहितोय. ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार, त्याच्या दर १० पेशंटमध्ये साधारण ९ बायका असतात, त्याही ऐन संसाराच्या वयातल्या. त्यातल्या काहींना जोडीला अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम असतो, म्हणजे रक्तात गुठळ्या होतात, कधी पायात, कधी फुप्फुसात, कधी मेंदूत, आणि गर्भपात पण होतात. माझी ताई त्यातलीच, तिचं सासर चंदगड तालुक्यात.

एकदा गुठळी झाली की रक्त पातळ करायची गोळी बहुतेक जन्मभर. डोस कमी पडला तर परत गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव, म्हणून आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, सारखा बघावा लागतो, बहुतेकांचा २ ते ३ मध्ये पाहिजे. ताई ओट्यावर ब्लेडनं गोळी अर्धी करते, आज अर्धी उद्या अख्खी असं कॅलेंडरवर खूण करून घेते, आणि सणाला घरात मेथी-पालक जरा जास्त झालं तरी रिपोर्ट हलतो. टेस्ट नको असणाऱ्या नवीन गोळ्या आहेत, पण या सिंड्रोमसाठी रक्तात ज्या तीन अँटीबॉडी तपासतात त्या तिन्ही पॉझिटिव्ह असलेल्यांना त्यातल्या एका गोळीवर जास्त गुठळ्या झाल्याचं २०१८ च्या अभ्यासात दिसलं, त्यामुळे ताईसारख्यांची टेस्ट काही सुटत नाही.

आणि त्या टेस्टसाठी एसटीनं कोल्हापूर गाठायचं. ल्युपसला ऊन सोसत नाही, उन्हानं आजार उसळतो, सांधे धरतात, थकवा तर असा की दुसऱ्या दिवशी उठून चहा ठेवणं होत नाही, आणि वरून लोक म्हणणार, चांगली तर दिसतेस की! म्हणजे आजार ताब्यात ठेवायला जायचं आणि त्या जाण्यानंच तो वाढवून घ्यायचा, हे बरोबर नाही साहेब.

प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात सकाळी रक्त घ्या, संध्याकाळपर्यंत रिपोर्ट मोबाईलवर द्या, आणि डोस किती घ्यायचा ते फोनवर सांगायला एक डॉक्टर ठेवा. बोटाला टोचायचं मशीन दिलंत तरी चालेल, फक्त या आजारात काहींचं रीडिंग त्याच्यावर चुकतं म्हणून आधी लॅबच्या रिपोर्टशी जुळवून बघायला सांगा.

चंदगड, आजरा, गगनबावडा इथनं सुरुवात करा, आणि जमलं तर पावसाळ्याच्या आत, कारण गगनबावड्याच्या रस्त्यावर पाणी आलं की तिकडच्या पेशंटला कोल्हापूरला यायचं म्हटलं तरी येता येत नाही.

आपला,
चंदगडच्या एका पेशंटचा भाऊ, कोल्हापूर